‘आधी काय झालं?’ विचारणाऱ्या बाई

२८ मार्च. तारीख लक्षात आहे, कारण त्या दिवशी खंडाळ्याच्या मोठ्या बंगल्यातल्या सगळ्या गाद्या मी गच्चीवर काढल्या होत्या. खंडाळ्यात गाद्यांना ऊन दाखवायचं ते मार्चमध्येच. एप्रिलपासून पाहुणे आणि जूनपासून बुरशी. मी तिथले तीन बंगले सांभाळते. मालक मुंबईला असतात, माणसं, चादरी, गॅस सिलिंडर आणि तक्रारी माझ्याकडे असतात. गाद्या काठीने बडवत होते तेवढ्यात जुईच्या शाळेतून फोन आला. जुई बाकाखाली जाऊन बसली होती, बाहेर येत नव्हती आणि ओढायला गेलेल्या शिपाईमावशींच्या हाताला चावली होती.

मी गाद्या तशाच टाकून लोणावळ्याला गेले. जुई माझी एकुलती एक मुलगी. तेव्हा नऊ वर्षांची, तिसरीत. मला पाहून ती मुकाट्याने बाकाखालून बाहेर आली, दप्तर उचललं आणि चालायला लागली. मुख्याध्यापिकांनी मला पाकीट दिलं. ते त्यांनी आधीच तयार ठेवलेलं होतं. ‘पुढील वर्षी आपल्या पाल्यासाठी योग्य त्या शाळेचा विचार करावा.’ योग्य ती शाळा कुठे आहे, ते पत्रात नव्हतं.

शाळेचं अगदीच चुकत होतं असं मी म्हणणार नाही. एका वर्गात पन्नास मुलं, आणि त्यात जुई. तिने बाईंच्या पर्समध्ये पाण्याची बाटली ओतली होती. मधल्या सुट्टीत फाटकातून निसटून जुन्या हायवेपर्यंत गेली होती. स्नेहसंमेलनात पडद्याची दोरी सोडून दिली होती, तीही भाषण चालू असताना. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून निदान लिहून दिलं, गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, गोळीने तिला थोडं थांबता येईल, पण थांबल्यावर कुणीतरी तिच्यासाठी वेळ असलेलं माणूस समोर हवं.

घरात तीन मतं होती. नवरा रेल्वेत, सिग्नल खात्यात. त्याला वाटे की निवासी शाळेत घालावं, शिस्त लागेल. सासूबाई तिला पाच गुरुवार शिरगावला साईबाबांच्या दर्शनाला घेऊन गेल्या. जुईला ते गुरुवार फार आवडले, कारण रांगेच्या लोखंडी दांड्यांवर लोंबकळता यायचं. आणि माझं मत असं होतं की मला मत बनवायला वेळ नाही, सीझन तोंडावर आलाय.

बाईंचं नाव पहिल्यांदा सिंधूने घेतलं. सिंधू आमच्या बंगल्यावर स्वयंपाकाला येते, राहणार औंढे.

“ताई, आमच्या गावात एक बाई हायेत. रिटायर मास्तरीण. असलीच पोरं घेत्यात.”

“असलीच म्हणजे?”

सिंधू घुटमळली. “म्हंजी... आपल्या जुईवानी.”

गायकवाड बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं होत्या, बहुतेक मावळातल्या डोंगराकडच्या गावांत. निवृत्त झाल्यावर भावाच्या घराशेजारच्या दोन खोल्या, एक पडवी, रिकामा गोठा आणि भाताचं एक खाचर एवढ्यावर त्यांनी मुलं गोळा केली. नावं गावच्या प्राथमिक शाळेत, परीक्षा तिथे, आणि बाकीचं सगळं बाईंकडे. मी गेले तेव्हा अकरा मुलं होती. पाटी-बिटी काही नव्हती. आत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, फळा, आणि दोन घड्याळं: एक बरोबर, एक दहा मिनिटं पुढे. पुढचं कशाला, म्हणून मी विचारलं. “काही पोरांना एखादी गोष्ट संपणार हे आधी कळावं लागतं,” बाई म्हणाल्या.

बुटक्या, काळ्यासावळ्या, सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, अंबाड्यात एक पेन्सिल. गळ्यात शिट्टी असायची. चार वर्षांत मी ती वाजलेली ऐकली नाही. मोबाइल तांदळाच्या डब्यात ठेवत आणि संध्याकाळी पाचला काढत. “तोवर काय अडलं असेल ते सुटलेलं असतं.” बोलण्याच्या दोन तऱ्हा होत्या. मुलांशी, गावाशी अस्सल मावळी. पालकांशी पुस्तकी. आणि राग आला की भाषा आणखी शुद्ध होत जाई, इतकी की ‘कृपया’ आलं की समजावं, आपलं काही खरं नाही.

मी माझी यादी सुरू केली. “ती बाकाखाली जाऊन बसली.”

“आधी काय झालं?”

“आधी म्हणजे?”

“बाकाखाली जाण्याच्या आधी.”

“ते मला माहीत नाही.”

“शाळेला?”

“त्यांनीही सांगितलं नाही.”

“बरं. आणखी?”

“फाटकातून पळाली.”

“आधी काय झालं?”

असं सहा वेळा झालं. सहाव्या वेळेला मी चिडले. म्हटलं, “बाई, मी तिला शंभरदा विचारलंय, का केलंस म्हणून.”

“का केलंस विचारलं की पोरं खोटं बोलतात. त्यांनाही ठाऊक नसतं, मग ती तुम्हाला आवडेल असं काहीतरी जुळवतात. आधी काय झालं विचारलं, की सांगतात. सांगता सांगता का ते आपल्यालाच कळतं.” मग त्यांनी अट सांगितली. मुलगी जूनपासून. त्याआधी मुलीच्या आईने किंवा वडिलांनी आठ दिवस इथे येऊन बसायचं. मुलीला आणायचं नाही. दहा ते तीन. कोपऱ्यात बसायचं, दिलेलं काम करायचं, मुलांना एक शब्द बोलायचा नाही.

“पण सुट्टी लागेल ना आता?”

“माझ्याकडे मेमध्येही शाळा असते. या पोरांना सुट्टी सोसत नाही. आणि त्यांच्या घरच्यांना तर त्याहून नाही.”

मे महिना. तिन्ही बंगले भरलेले. नवऱ्याच्या पाळ्या ठरलेल्या. मी होकार देऊन आले आणि घरी येईपर्यंत तोडगा काढला. तोडगे काढणं हेच माझं काम आहे. गीझर बिघडला तर शेजारच्या बंगल्यातून गरम पाणी, माळी आला नाही तर त्याचा मेहुणा. एक माणूस नसलं की दुसरं पाठवायचं. मी सिंधूला पाठवलं. गावातलीच आहे, जुईला जन्मापासून ओळखते, आणि नजर तर माझ्याहून तीक्ष्ण. संध्याकाळी येऊन मला सगळं सांगेल.

सिंधू पहिल्या दिवशी गेली आणि चार वाजता परत आली, हातात चिठ्ठी. बाईंचं अक्षर छापल्यासारखं होतं. ‘आपण पाठवलेल्या सिंधूताई उत्तम आहेत. त्यांची मुलगी असल्यास कृपया पाठवावी, मी तत्काळ प्रवेश देईन. आपल्या मुलीसाठी कृपया आपण यावे.’

दोन ‘कृपया’.

“काय म्हणाल्या गं?” मी सिंधूला विचारलं.

“काय न्हाई. चा दिला. भुईमुगाच्या शेंगा फोडाय दिल्या. मग म्हनल्या, शाळंत मास्तर बदली चालतो, आय बदली चालत न्हाई.”

मी दोन दिवस फणफणले. नवऱ्याला म्हटलं, ही काय पद्धत झाली, पालकांची कामं बघायला नकोत? तो म्हणाला, तू तिच्या जागी असतीस तर काय केलं असतंस? मी म्हटलं, मी चिठ्ठी पाठवली नसती, फोन केला असता. तिसऱ्या दिवशी एका बंगल्याचं बुकिंग रद्द करून मालकांचे चार शब्द ऐकले आणि मी औंढ्याला जाऊन कोपऱ्यात बसले.

आठ दिवसांत मी काय केलं? पोतंभर शेंगा फोडल्या, चटया शिवल्या, पडवी सारवली. आणि बघितलं. तिसऱ्या दिवशी दहाएक वर्षांच्या एका मुलाने जेवणाचं ताट भिरकावलं. डाळ भिंतीवर, ताट माझ्या पायाशी. मी उठले. बाई काकडी चिरत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, “मॅडम, बसा.” मी बसले. बाकीची मुलं जेवत राहिली. बाईंनी काकडी पूर्ण चिरली, मग ओली फडकी दोन घेतली, एक त्याच्याजवळ ठेवलं आणि एकाने स्वतः भिंत पुसायला लागल्या. पाच-सात मिनिटांनी तोही पुसायला लागला. मग हळूच, “आधी काय झालं रं?”

“त्यानं माझ्या डाळीत बोट घातलं.”

“मंग?”

“मंग माजं डोकं भरलं.”

“भरलं की कुटं जायचं ठरलंय?”

“हौदापाशी.”

“आज का न्हाई गेलास?”

“इसरलो.”

“उद्या ध्यानात ठिव. आन् डाळ वाढून घे, थंड हुती.”

एवढंच. मी मनात म्हटलं, असं ताट माझ्याकडे कुणी फेकलं असतं तर अर्धा तास भाषण झालं असतं, मार बसला असता आणि डाळ भिंतीवर वाळून गेली असती. त्या संध्याकाळी घरी जुईने माझ्या चपला विहिरीत टाकल्या. मी प्रथमच विचारलं, आधी काय झालं? ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, “तू चपला घातल्यास की जातेस.” मी बाईंना हे दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यांनी फक्त मान डोलावली आणि शेंगांची टोपली माझ्याकडे सरकवली.

आठव्या दिवशी निघताना त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. “एक, गोळी डॉक्टरांची आणि शाळा माझी. मी गोळीत पडणार नाही आणि तुम्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही.” दुसरी त्या प्रत्येक नव्या पालकाला सांगत, हे मला नंतर कळलं. “सगळ्यांचं जमतं असं नाही. एका पोराचं मला जमलं नाही. चार महिने ठेवलं आणि हात जोडून परत पाठवलं. त्याला दुसरीकडे जमलं असेल अशी आशा आहे. तुमचं जमलं नाही तर मी लपवणार नाही.” माझ्या धंद्यात मी एवढा सरळ माल कुणाला विकलेला नाही.

जूनमध्ये जुई गेली. पहिल्याच दिवशी दहा वाजता जांभळीच्या झाडावर चढली आणि उतरेना. मी हबकले. बाई मला फाटकापाशी घेऊन गेल्या. “तुम्ही कामाला जा. ती वर्गातच आहे. माझा वर्ग कुंपणापर्यंत आहे.” जेवणाच्या वेळी त्यांनी दोरीला टोपली बांधून डबा वर पाठवला. डबा रिकामा खाली आला. झाडाखाली चटई टाकून बाकीच्यांना पाढे शिकवले. तीनला जुई उतरली. बाईंनी विचारलं, “वरनं काय दिसलं?”

“धोंडूआबा गवताच्या गंजीमागे झोपलेत. आणि काकू त्यांना विहिरीवर शोधतायत. हाका मारतायत. ते ऐकतायत, पण उठत नाहीत.”

धोंडूआबा म्हणजे शेजारचे शेतकरी, बाईंच्या शाळेचे कायमचे टीकाकार. बाई खळखळून हसल्या. दुसऱ्या दिवशी जुईला मोठा कागद दिला: कालचं वरनं दिसलेलं सगळं काढ. गंजी, विहीर, आबा, काकू, शाळा. मग कोण कुणाच्या कुठल्या बाजूला. मग दिशा. महिनाभरात औंढ्याचा नकाशा तयार झाला, आणि जुई जमिनीवर बसून तो रंगवत होती. जिला दहा मिनिटं बसवत नव्हतं ती.

पण बाई काय होत्या हे मला खरं कळलं ते आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवशी. आमच्याकडे आता बरेच जण भाताची रोपं दोरी लावून ओळीत लावतात. दोरीला ठरावीक अंतरावर खुणा असतात. एका माणसाने एक टोक धरायचं, दुसऱ्याने दुसरं, आणि मधल्यांनी खुणेखुणेवर रोपं टोचायची. सगळ्यांची ओळ झाली की दोरी पुढे. बाईंनी जुईला रोपं दिली नाहीत. दोरीचं टोक दिलं.

हे मी बांधावर उभी राहून पाहिलं. जुईच्या हातात दोरी, गुडघाभर चिखल, वरून पाऊस, आणि नऊ मुलं आपापल्या वेगाने रोपं लावतायत. एक पटापट लावून मोकळा. एकीला प्रत्येक रोप दोनदा काढून पुन्हा लावायची सवय. जुईने दोरी ओढली. तिघांची रोपं उखडली, आरडाओरडा. बाई चिखलातून तिच्याजवळ गेल्या. नुसत्या तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. पुन्हा ओळ. पुन्हा तिने ओढली, पण या वेळी थोडी उशिरा. तिसऱ्या ओळीला तिने त्या दोनदा लावणाऱ्या मुलीकडे बघितलं आणि ओरडली, “झालं का गं तुझं?”

“न्हाई!”

जुई थांबली. एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत, ओठ चावत, पण थांबली. “आता?” “न्हाई!” “आता?” “झालं!” मग दोरी पुढे गेली. त्या दिवशी खाचराच्या टोकापर्यंत किती ओळी झाल्या मला माहीत नाही, पण दुपारपर्यंत माझी मुलगी थांबत होती, आणि तिला कुणी थांब म्हटलं नव्हतं.

बांधापलीकडून धोंडूआबा ओरडले, “बाई, ही साळा हाय का रोजंदारी?”

“दोन्ही न्हाई. तुमी तुमची वळ बघा आबा, वाकडी गेलीया.”

“येड्यांची साळा म्हंत्यात गावात.”

“म्हनू द्या. तुमच्या नातवाला जागा धरून ठिवलीया.”

आबा हसले आणि खरंच खाली बघून ओळ तपासली. ती वाकडी होती.

माझ्या नवऱ्याला हे सगळं पटायला वर्ष लागलं. एकदा तो जुईला घ्यायला गेला. बाईंनी त्याला नुसतं उभं न ठेवता कामाला लावलं: “तुम्ही रेल्वेत ना? मग माझ्या पोरांना सिग्नल शिकवा.” त्याने पत्र्याच्या गोल चकत्या कापल्या, एक बाजू लाल, एक हिरवी, आणि प्रत्येकाच्या जागेवर खिळ्याला अडकवून दिल्या. लाल म्हणजे आत्ता माझ्याशी बोलू नका. हे मुलांना इतकं आवडलं की आठवडाभर सगळ्या चकत्या लालच राहिल्या. बाई म्हणाल्या, “राहू द्या. बऱ्याच वर्षांचं साठलंय त्यांचं.” दुसऱ्या आठवड्यात हिरव्या व्हायला लागल्या. घरी येऊन नवऱ्याने निवासी शाळेचं माहितीपत्रक कपाटातून काढलं आणि रद्दीत टाकलं.

बाईंचे दोष सांगायला हवेत, नाहीतर त्या देवघरात जाऊन बसतील आणि ते त्यांना अजिबात आवडणार नाही. हट्टी होत्या. आपलं चुकलं तर कबूल करत, पण तीन दिवसांनी. कुणी कौतुक केलं की तोंड कडू करत. एकदा एका वडिलांनी सगळ्यांसमोर त्यांच्या पाया पडायचा घाट घातला, तर त्या गोठ्यात निघून गेल्या आणि ते गृहस्थ जाईपर्यंत बाहेर आल्या नाहीत. हिशेबाचं गणित त्यांना येत असे, माणसांच्या वेळेचं गणित येत नसे. पालकांची बैठक चारला ठेवून सहाला सुरू करत. आणि मला त्या पहिलं अख्खं वर्ष ‘मॅडम’ म्हणत. इतर आयांना ‘ताई’. सिंधूलाही ताई. मला वाटे, बदली आई पाठवल्याचा राग धरलाय. पुढे एकदा विचारलं तर म्हणाल्या, “राग कसला? तुम्ही मॅडमसारख्या उभ्या राहता म्हणून म्हणते. बसल्या की ताई म्हणेन.” मी त्या वेळी उभीच होते. खरंच नेहमी उभीच असे, किल्ल्या हातात.

चार वर्षं अशी गेली. जुईला राग यायचा थांबला नाही. तो येणार हे तिला आधी कळायला लागलं. वाचायला उशिरा शिकली, पण मग जे मिळेल ते वाचायची, बंगल्यातल्या गीझरच्या सूचनासुद्धा. सातवीत गावच्या शाळेच्या परीक्षेला बसून पास झाली. मी निवांत होते. असंच दहावीपर्यंत चालेल, मग बाहेरून परीक्षा देता येते, अशी मी चौकशी पण करून ठेवली होती.

एप्रिलमध्ये बाईंनी बोलावलं. मी खुर्ची ओढून बसले.

“ताई, जुईला जूनपासून हायस्कूलला घाला. आठवीला.”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. “काही केलं का तिने?”

“काही नाही केलं. म्हणूनच.”

“बाई, तिथे वर्गात साठ मुलं आहेत. घंटा, रांगा, ओरडणारे मास्तर. इथे ती छान आहे.”

“इथे ती छान आहे कारण मला तिची सवय आहे. जगाला तिची सवय नाही. आता जगाची सवय तिने करायची, आणि थोडी जगाने तिची. अजून दोन वर्षं ठेवली तर ती माझ्याच खाचरात रुजेल. रोपं वाफ्यातच ठेवली तर भात येत नाही.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर परत या. पण मला वाटतं, जमेल.” मग म्हणाल्या, “तिला विचारलं मी. ती म्हणाली, आई घाबरेल.”

मी उभी राहिले, पुन्हा बसले.

मे महिन्यात बाईंनी जुईकडून एक कागद लिहून घेतला. नव्या शिक्षकांसाठी. तिच्याच शब्दांत, तिच्याच अक्षरात. मी एक शब्द सुचवायला गेले तर बाईंनी नुसतं बघितलं. कागदावर असं होतं: ‘दोन्ही बाजूंनी आवाज आले की माझं डोकं भरतं. तेव्हा मला कुणी हात लावू नये. मला पाच मिनिटं बाहेर जाऊ द्यावं. मी पळून जाणार नाही. पाण्याच्या टाकीपाशी उभी राहीन. मग मी परत येईन. परत आल्यावर सगळ्यांसमोर विचारू नये.’ खाली सही.

हायस्कूलचे मुख्याध्यापक तसे बाईंना ओळखत नव्हते. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “असा कागद आमच्या सगळ्यांकडून घ्यायला पाहिजे, मॅडम. माझ्यापासून सुरुवात.” मग प्रवेश दिला, पण माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, “तिने शब्द पाळला तर मी पाळीन. एकदा जरी फाटकाबाहेर गेली, तर मला जबाबदारी घेता येणार नाही.” म्हणजे सगळं त्या टाकीवर आलं.

जूनपासून जुई सायकलने जायला लागली. आणि मी रोज सकाळी स्कूटरवरून तिच्या मागे, शंभरेक पावलं अंतर ठेवून, फाटकापर्यंत. तिला कळू नये म्हणून. दिवसभर फोन खिशात, आवाज मोठा करून. फोन आला नाही. जून गेला, जुलै गेला. दोनदा ती टाकीपाशी गेली, दोनदा परत आली, असं तिच्या वर्गशिक्षिकेने सांगितलं. पण दोन्ही वेळा वर्ग शांत होता. खरी परीक्षा झाली नाही असंच मला वाटत होतं.

पंधरा ऑगस्टला शाळेत ध्वजवंदनानंतर लेझीम होतं आणि जुई लेझीमच्या रांगेत होती. तिनेच नाव दिलं होतं. ढोल, हलगी, लेझीम, वर स्पीकर. दोन्ही बाजूंनीच काय, आठही बाजूंनी आवाज. आम्ही पालक पत्र्याच्या शेडखाली खुर्च्यांवर. बारीक पाऊस होता. सहज कुंपणाकडे बघितलं तर बाहेरच्या रस्त्यावर बाई उभ्या. काळी छत्री, कमरेला खोचलेला पदर, आणि हाताला धरलेली पाच-सहा वर्षांची एक मुलगी, नवी असावी, कारण ती सारखी हात सोडवून घ्यायला बघत होती. आत यायला त्यांना कुणी अडवलं नसतं. त्या आल्या नाहीत.

हलगीचा वेग वाढला. जुईचा चेहरा मला लांबूनही वाचता येतो. ती थांबली. लेझीम जमिनीवर ठेवलं, टाकलं नाही, ठेवलं, आणि रांग सोडून चालायला लागली. टाकी मैदानाच्या त्या टोकाला आहे. टाकीच्या पलीकडे फाटक, आणि त्या दिवशी फाटक सताड उघडं होतं. मुख्याध्यापकांनी बघितलं. वर्गशिक्षिकेने बघितलं. मी खुर्चीवरून उठले.

कुंपणाबाहेरून बाई माझ्याकडे बघत होत्या, जुईकडे नाही. त्यांनी मोकळा हात नुसता खाली केला. बसा.

मी बसले. जुई टाकीपाशी गेली, फाटकाकडे पाठ करून उभी राहिली, नळ सोडून तोंड धुतलं, आणखी थोडा वेळ थांबली. मग परत आली. तिची जागा भरली होती, म्हणून आपलं लेझीम उचलून ती शेवटच्या ओळीत कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली, दोन ठोके चुकले, तिसऱ्याला मिसळली. मुख्याध्यापकांनी समोर बघून टाळ्या वाजवल्या. सगळ्यांसाठीच होत्या त्या. कुणी तिला काही विचारलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी धावत फाटकाबाहेर गेले. बाई औंढ्याच्या रस्त्याला लागल्या होत्या. छत्री त्या लहान मुलीवर धरलेली, स्वतः भिजत होत्या. मुलगी मध्येच बसकण मारून रस्त्यात बसली. बाईही तिच्याजवळ उकिडव्या बसल्या. त्या काय बोलल्या ते ऐकू येण्याइतकी मी जवळ नव्हते. थोड्या वेळाने दोघी उठल्या आणि चालत वळणापलीकडे गेल्या. मी हाक मारली नाही. त्यानंतर त्यांची माझी गाठ नाही. कारण नसताना गेलं तर त्या कारण विचारतात, आणि माझ्याकडे सध्या कारण नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुईने सायकल काढली, डबा पुढच्या टोपलीत टाकला आणि जाते म्हणाली. मी तिला रस्त्याच्या तोंडापर्यंत जाऊ दिलं. मग किल्ली घेतली, स्कूटर चालू केली आणि उलट्या बाजूला वळवून खंडाळ्याला गेले. पाहुण्यांना साडेआठला पोहे हवे होते.